चिंध्यांची भावली: मान काही केल्या उभी राहीना

दुधनाकाठची · ११ एप्रिल, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मूळची सेलूकडची, सध्या मुक्काम पुणे. लेक साडेचार वर्षांची आहे. अक्षय तृतीयेला सोसायटीतल्या पोरी जमवून बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं तिच्या डोक्यात भरलंय (भरवणारी मीच). विकतची बाहुली नको, घरी बांधलेली पाहिजे. अडचण अशी की मी बांधलेली भावली अर्ध्या तासात मान टाकते. डोक्याचा गोळा वेगळा, धडाचा वेगळा, मधे दोरा.

आज्जीनं बांधलेली वर्षभर टिकायची, आणि आम्ही तिला जपत होतो असंही नाही. विहिरीवर, खळ्यात, माळवदावर, जाऊ तिथं ओढत न्यायचो. आज्जी आता नाही. आईला विचारलं तर म्हणते, "बाई बांधायच्या, आम्ही नुसतं खेळायचो."

साहित्य: जुन्या लेगिंग्ज, एक टी-शर्ट, औषधाच्या दुकानातला कापूस, शिवणाचा दोरा.

तुमच्याकडं कशी बांधायचे ते सविस्तर लिहा. आठवणी येतील त्याही येऊ द्या, पण आधी मान!

पत्र्याची पेटी · ११ एप्रिल, रात्री ९:३१

मांडव निंबाच्या डहाळ्यांचा असणार असेल तर आम्ही वऱ्हाडी म्हणून यायला तयार. जेवणात काय?

बालाघाटी · ११ एप्रिल, रात्री ९:४८

ताई, लेगिंग्ज म्हणल्यावरच कळलं. होजिअरीचं कापड ताणतं. गाठ मारताना ते ताणलेलं असतंय, जरा हाताळलं की आतल्या आत सरकतं आन दोरा सैल. सुती धडपं बघा. धोतर, उपरणं, मांजरपाटाची पिशवी, काहीबी चालंल पण सुती. दुकानातला कापूस बी काढून टाका, तो दबतच जातो. आमच्या आक्का आत कापूस घालतच नव्हत्या. चिंधीत चिंधी, बस.

सरकी · १२ एप्रिल, सकाळी ६:१०

परभणी जिल्ह्यात माहेर, वय साठीच्या पुढं. नातवानं हा धागा उघडून दिला, टाइपही तोच करतोय, तेव्हा शुद्धलेखन त्याचं.

आमच्याकडं दोन तऱ्हा होत्या. धाटाची आणि वळकटीची.

धाटाची लहान पोरी आपली आपण करायच्या. ज्वारीचं वाळलेलं धाट वीतभर मोडायचं, त्यावर आडवा तुकडा बांधायचा, वर चिंधीचा गोळा. दिसायला ऐटबाज. पण चोय हाताला कापते, आणि आतलं भेंड लगेच मोडतं. संध्याकाळपर्यंत खेळायची, मग बैलापुढं टाकायची. तू बहुतेक हिच्यासारखंच डोकं बांधतेस, फक्त आत धाट नाही. मग मान कशावर राहील?

वळकटीची भावली मोठ्या बायका बांधून द्यायच्या. धोतराची हातभर लांब आणि वीतभर रुंद पट्टी फाड. कात्री नको, दातानं जरा चीर देऊन हातानं फाड, म्हणजे सुतात सुत सरळ येतं. पट्टी ओलसर कर, ओलसर कापड घट्ट वळतं. लांबी तेवढीच ठेवून रुंदीकडून वळ, हातभर लांब वळकटी झाली पाहिजे. ती मधोमध दुमड. दुमडलेलं टोक म्हणजे डोकं, खालची दोन मोकळी टोकं म्हणजे पाय. डोकं आणि धड एकाच कापडाचं, त्यामुळं मान निराळी लावावीच लागत नाही. गोल चेहरा हवा असेल तर दुमडीत आधी लहानसा गोळा ठेव.

दुसरी आखूड, बारीक वळकटी कर आणि डोक्याच्या खाली दोन पदरांच्या मधून आडवी सार. हे हात. आता हातांच्या वर, गळ्याला दोन वेढे. मग दोरा उजव्या खांद्यावरून डाव्या कुशीत आणि डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीत. छातीवर फुली आली पाहिजे, पाठीवरही. हात जागेवर धरते ती ही फुली, आणि मान ताठ ठेवते तीही हीच. शिवणाचा दोरा कापडात रुततो आणि तुटतो. वाकळीचा जाड दोरा घे, नाहीतर सुतळीचा एक पदर उकल.

शेवटी चेहऱ्यावर पांढऱ्या मलमलीचा चौकोन ओढ, सगळ्या सुरकुत्या मागं ने आणि मानेला परत बांध. मागचा गबाळा केसांखाली झाकतो.

दुधनाकाठची · १२ एप्रिल, सकाळी ७:०५

काकू, फुली! आमच्या भावलीची चोळी काढली की खाली दोऱ्याची फुली दिसायची. मला वाटायचं ती नक्षीच आहे.

आता नवीन पेच. घर धुंडाळलं, सुती म्हणावं असं काहीच निघेना. नवऱ्याचा 'कॉटन' म्हणून घेतलेला शर्ट आत लेबल बघितलं तर अर्ध्याहून जास्त पॉलिएस्टर. धोतर तर माझ्या सासरी दोन पिढ्यांत कुणी नेसलेलं नाही.

गोदेचा गाळ · १२ एप्रिल, दुपारी १:१५

हे वाचून जे कित्येक वर्षं मनात आहे ते लिहितो. सगळे म्हणतात चिंध्यांची बाहुली प्लॅस्टिकच्या बाहुलीनं घालवली. मला नाही पटत. ती टेरिकॉटनं घालवली.

आमच्या घरी दोन्ही होत्या. जत्रेतून आणलेली रबरी बाहुली देवळीत, पाहुणे आले की दाखवायला. हातात मात्र बहिणीच्या चिंधीचीच. दोघींचं भांडण नव्हतं. पण गावात गडीमाणसं धोतरावरून पँटीवर आली, बायकांची लुगडी जाऊन नायलॉनच्या पातळांचा जमाना आला, आणि मग घरात जे फाटायचं तेच बदललं. सुती कापड कसं, एक चीर दिली की टर्र करून सरळ फाटतं. टेरिकॉट फाटता फाटत नाही. त्याची वळकटी उलगडते, गाठ घसरते, काजळ-कुंकू त्यावर बसत नाही. भावली बांधायची म्हणजे घरात आधी काहीतरी नीट फाटावं लागतं!

आमच्या आजोबांच्या धोतराचा क्रम ठरलेला असे. नेसून नेसून मधे विरलं की कापून दोन पंचे. पंचा विरला की पाळण्यातल्या लेकराचे लंगोट. ते जुने झाले की काही वाकळीत, काही भावलीला. भावली फाटली की तिचं पोतेरं, आणि पोतेरं सारवून सारवून मातीत. यातली एक पायरी बदलली की पुढच्या सगळ्या बंद. वाकळींचं तेच झालं. सिंथेटिक साड्यांच्या वाकळी अंगावरून घसरतात आणि उन्हाळ्यात त्यांच्यावर झोपवत नाही.

आणि हे घडलं कुठं, तर कापसाच्या मुलखात. वावरात नांदेड-४४ फुटलेला, नांदेडात उस्मानशाही मिल, गावोगाव जिनिंग, आणि लेकराच्या भावलीला सुती चिंधी नाही.

सरकी · १२ एप्रिल, दुपारी ४:४०

गोदेचा गाळ, तुझं खरं आहे पण अर्धं. सुती कापड होतं तेव्हा चिंधी फुकट मिळत होती असं नको समजू. बहात्तरच्या दुष्काळात आई-वडील सरकारी कामावर खडी फोडायला. घरात सुकडी आणि लाल मिलो (परदेशी ज्वारी). लुगड्याला ठिगळ, त्या ठिगळाला ठिगळ. चिंधी मागितली की आई म्हणायची, "मपल्या अंगावर ऱ्हाऊ दे की जरा." त्या वर्षी धाटाच्या भावल्या सगळ्या उघड्याच होत्या, आणि जनावरांना कडबा नाही म्हणून पुढं धाटही मिळेना. जरा सुकाळ आल्यावरच भावलीला लुगडं आलं.

नागझरी · १२ एप्रिल, रात्री ८:०२

कौतुक जरा आवरतं घ्या मंडळी. मला प्लॅस्टिकचीच हवी होती.

माळेगावच्या जत्रेत, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली बघितली. सोनेरी केस, गुलाबी फ्रॉक. रडून लोळण घेतली, चापट मिळाली, बाहुली नाही. घरी आल्यावर मोठ्या मायनं जुन्या धडप्याची एक बांधून दिली. मी तिला दुसऱ्याच दिवशी गोठ्यात फेकली. परत आणून दिली, परत फेकली. शाळेत सावकाराच्या पोरीकडं डोळे मिटणारी होती. तिच्या घरी गेलं की हात धुऊन यायला सांगायचे, मग एकदा आडवी-उभी करू द्यायचे.

आता तीच सावकाराची पोर फेसबुकवर 'चिंध्यांच्या बाहुलीची सर कशालाच नाही' म्हणून पोस्ट टाकते. तिच्याकडं ती कधी नव्हतीच! ज्यांना पर्याय होता त्यांनी आठवणी काढाव्यात, आमची ती नाइलाजाची होती. धागाकर्तीच्या लेकीला दोन्ही मिळणार आहेत, म्हणून तिला मजा.

पत्र्याची पेटी · १२ एप्रिल, रात्री ८:२०

नागझरी, शंभर टक्के. आमच्याकडं तर चिंधीची भावली घेऊन शाळेच्या बाजूनं गेलं तरी पोरं 'भिकारीण, भिकारीण' ओरडायची.

सरकी · १२ एप्रिल, रात्री ९:१०

नागझरी बाळ, परत आणून देणारी मोठी माय होती ना. किती खेपा झाल्या असतील तिच्या गोठ्यात! तुझा राग खराच आहे. मलाही रबरी मिळाली असती तर मी सोडली नसती.

तांड्यावरची · १३ एप्रिल, सकाळी १०:२५

जिंतूर तालुक्यातल्या तांड्यावरची मी. सगळे लुगडं-लुगडं म्हणतायत म्हणून लिहिते. माझ्या याडीची (आईची) बाहुली लुगडं नेसतच नव्हती. तिला फेटिया (घागरा), कांचळी (चोळी) आणि डोक्यावर टुकरी (ओढणी). वळकटी सरकीकाकू सांगतात तशीच, पण कपडे शिवून घातलेले, नेसवलेले नाहीत. जुन्या फेटियाच्या घेराचा काच लावलेला तुकडा मिळाला तर बाहुली श्रीमंत. दंडापर्यंतच्या बांगड्या दाखवायला हातांना पांढरा दोरा गच्च गुंडाळायचा. त्यामुळं आमच्या बाहुलीचे हात ताठ असत, लोंबत नसत. दुधनाकाठची, ही युक्ती तुम्हालाही चालेल.

माझ्या वयाच्या सगळ्या आता साडीत. जुना फेटिया कुणाच्या पेटीत निघाला तर शहरातले व्यापारी त्यावरचं भरतकाम बघून पैसे देतात, पर्स आणि उशांचे अभ्रे करतात. त्यामुळं तो फाडून बाहुली करायची कुणाची छाती नाही.

बालाघाटी · १३ एप्रिल, दुपारी १२:५०

डोळ्याचं कुणी सांगितलंच नाही. काजळाचे डोळे घामानं पसरतेत, भावली रडल्यासारखी दिसती. आमच्या आक्का बिब्ब्यानं काढायच्या. बिब्बा सुईवर टोचून दिव्यावर जरा गरम करायचा, तेल सुटलं की टिपका. धोबी कपड्याला खुणा करायचे ते हेच, कितीबी धुवा जात नाही. पण ताई, तुम्ही हे करू नका. बिब्बा उततो. लहान लेकराच्या गालाला लागला तर कातडी भाजल्यासारखी निघती. भावलीचा मुका घेऊन माझ्या बहिणीचा ओठ सुजला होता. सरळ काळ्या दोऱ्याचे दोन टाके घाला.

लामणदिवा · १३ एप्रिल, रात्री ९:३५

डोळे आणि टाक्यांवरून आमच्या गल्लीतला तमाशा आठवला. औसा भागातली गोष्ट, ऐंशीचं दशक.

मी चौथीत असेन. भावली अर्धी शिवून झाली आणि आईनं हाक मारली, म्हणून सुई तिच्या पोटातच खोचून उठले. त्यात केस हवेत म्हणून फणीत अडकलेले आईचे केस गोळा करून लावलेले. खेळता खेळता ती शेजारच्यांच्या ओट्यावर राहिली. सकाळी त्या घरच्या सासूबाईंनी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी चिंधीची बाई, पोटात सुई, डोक्याला खरे केस. झालं! भानामती, करणी, कुणी केली, कुणाचे केस. त्यांच्या सुनेला आठ दिवसांपासून ताप होता, तोही हिशेबात धरला. दुपारपर्यंत एका जाणत्याला बोलावणं गेलं, त्यानं न बघताच दिशा सांगितली, आणि ती दिशा निघाली गल्लीतल्या एका एकट्या विधवा बाईच्या घराची.

मला काही कळत नव्हतं. 'माझी भावली द्या' म्हणून मी रडत गेले तेव्हा कुठं उलगडा झाला. तरी ती परत मिळाली नाही, तिठ्यावर जाळली. त्या विधवा बाईंशी कित्येक जणींनी पुढं वर्षभर बोलणं टाकलं होतं. भावली कुणाची ते सगळ्यांना कळलेलं असूनसुद्धा. जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडलं, तोवर असल्या किती बाया त्या दिशेला राहत असतील.

तेव्हापासून आमच्या घरी नियम: भावलीला खरे केस नाहीत आणि सुई मोजून डबीत. केसांसाठी घोंगडीच्या दशा.

सरकी · १४ एप्रिल, सकाळी ६:००

घोंगडीच्या दशा उत्तम. नाहीतर काळी लोकर. खऱ्या केसांचं आमच्याकडंही चालत नव्हतं. केसवाली यायची, तिला केस देऊन आम्ही फुगे घ्यायचो.

कोयता ते कीबोर्ड · १४ एप्रिल, रात्री १०:४५

पाटोदा तालुका, जिल्हा बीड. आता पुण्यात आयटीत.

आमचे माय-बाप दसरा झाला की साखर कारखान्यावर ऊसतोडीला. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. धाकटा अंगावर पिणारा म्हणून सोबत, मी आणि बहीण आज्जीपाशी. जायच्या आदल्या रात्री माय गाडी भरायची सोडून बहिणीला भावली बांधून द्यायची. नवं कापड घ्यायची नाही. अंगावरचं, घामाचं, न धुतलेलं लुगडं असायचं त्याचाच काठाकडचा तुकडा फाडायची. मला तेव्हा वाटायचं, एवढी घाई आहे म्हणून धुवत नसेल.

बहीण ती भावली नाकाशी धरून झोपायची. आज्जीनं एकदा राखेच्या पाण्यात धुऊन वाळत घातली तर बहीण दोन दिवस जेवली नाही. मग आज्जीनं हात लावला नाही. पाडव्याच्या आसपास माय परत यायची तोवर भावलीचा रंग ओळखू येत नसायचा. माय आली की बहीण भावली कुठं टाकायची, कुणाला ठाऊक. दसऱ्यापर्यंत तिची आठवण नाही.

एक साल आम्हीही कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीवर) गेलो. तिथं पाचटाची भावली करायचो, अंगाला खाजायची. बहिणीनं त्या साली चिंधीची मागितलीच नाही. माय समोरच होती ना, पहाटे तीनला फडात जायची तरी.

लातूरचा डॉक्टर · १४ एप्रिल, रात्री ११:२०

वरचा प्रतिसाद वाचून थांबलो. आम्हाला हे पुस्तकातून शिकवतात. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हेच मांडलं: आईपासून वेगळं व्हायला शिकताना लेकरू एखादी मऊ वस्तू धरतं, फडकं, पांघरूण, बाहुली. ती अर्धी आई असते, अर्धी त्याची स्वतःची. आणि आईबापांनी ती धुऊ नये, कारण वास गेला की त्या लेकरापुरती ती वस्तूच संपते, असंही त्यात आहे. गरज संपली की लेकरू तिला हळूहळू बाजूला ठेवतं, तिच्यासाठी रडत नाही. तुमच्या आईनं ते कुठं वाचलेलं नसणार. दवाखान्यात आया फडकं हिसकावून घेतात, 'घाण आहे' म्हणून, तेव्हा मी शक्यतो मधे पडतो.

कोयता ते कीबोर्ड · १४ एप्रिल, रात्री ११:३१

डॉक्टरसाहेब, मायला वाचून दाखवलं. म्हणाली, "त्येला बी लेकरं असतील."

तगर · १५ एप्रिल, दुपारी ३:०५

इतिहासाचा शिक्षक असल्यानं राहवत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आमचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे, शाळेच्या सहली तिथं नेतो. सातवाहन काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, भाजक्या मातीच्या कितीतरी लहान मूर्ती तिथं आहेत. केसांच्या रचना, कानातली, सगळं ओळखू येतं. हस्तिदंती बाईही आहे. तशाच धाटणीच्या बायका भोकरदनला आणि थेट इटलीत पॉम्पेईला मिळाल्या. पॉम्पेईची १९३८ साली निघाली, आणि ते गाव इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं. म्हणजे त्याआधीच ती तिथं पोचली होती.

दरवर्षी एखादी पोरगी विचारते, "सर, चिंधीची कुठंय?" नाही. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात कापड चार-दोन वर्षांत कुजून जातं. चिंधीची जुनी बाहुली टिकली ती इजिप्तच्या कोरड्या वाळूत. ऑक्सिरिंकस नावाच्या ठिकाणी मिळालेली, रोमन काळातली, तागाच्या कापडाची, आत चिंध्या आणि पपायरस भरलेली बाहुली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. फोटो बघितला तर तोंड-नाक जवळपास पुसलेलं, हात मात्र जागेवर. आमच्या बहिणीची म्हणून खपून जाईल.

तेरच्या मातीच्या बायका पूजेच्या, शोभेच्या की खेळायच्या, यावर वाद घालता येतो. पण त्याच गावात चिंधीची नसेल, हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. कापूस होता, कापड तेरहून भडोचच्या बंदराकडं जायचं. जिथं कापड तिथं चिंधी.

नागझरी · १५ एप्रिल, दुपारी ४:१२

सर, हे आवडलं. हस्तिदंती म्हणजे त्या काळची डोळे मिटणारी समजायची का? सावकाराची?

तगर · १५ एप्रिल, दुपारी ४:३०

हा हा. सावकाराचीच!

पत्र्याचं शेड · १६ एप्रिल, पहाटे १:४०

लिहू की नको चाललं होतं. किल्लारीच्या भूकंपाच्या पट्ट्यातलं आमचं गाव. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. रात्री गणपती बोळवून सगळे झोपलेले. मी सात वर्षांची. घरातलं कोण राहिलं, कोण गेलं ते इथं लिहीत नाही.

भावल्यांचं सांगते. नंतर ट्रकच्या ट्रक कपडे आले, देशभरातून. पटांगणात ढीग. स्वेटर, सूट, सायबाचे टाय, जॉर्जेटच्या साड्या, लहान पोरांचे फ्रॉक. पहिल्यांदा जो तो घ्यायचा, मग कुणी घेईना. पावसात भिजून ढीग वास मारायला लागले. आम्ही पोरं त्यावर खेळायचो. त्या साली आमच्या शेडात जेवढ्या भावल्या झाल्या तेवढ्या कधी झाल्या नसतील. टायची भावली कुणी बघितलीय का? आधीच वळलेली, नुसती दुमडायची. जॉर्जेटचं लुगडं, स्वेटरच्या लोकरीचे केस.

आणि खेळ एकच. मातीत घर करायचं, भावल्या आत निजवायच्या, वरून दगड-माती ढकलायची, मग ओरडत उकरायचं. निघालेल्या एका बाजूला, न निघालेल्या एका बाजूला. बायका बघून मारायच्या आम्हाला, असलं खेळू नका म्हणून. एक बाहेरगावची नर्सताई होती, तिनं बायकांना सांगितलं, खेळू द्या. ती आमच्यात येऊन बसायची, आणि उकरलेल्या भावलीला बँडेज बांधायची. हळूहळू आम्ही दवाखाना-दवाखाना खेळायला लागलो. मग लग्न-लग्न.

गोदेचा गाळ, तुमचा टेरिकॉटचा मुद्दा खरा आहे. ती वळकटी सुटतेच. आम्ही टायवर टाके घालायचो.

गोदेचा गाळ · १६ एप्रिल, सकाळी ८:१५

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. मुद्द्याचं जाऊ द्या.

दुधनाकाठची · १६ एप्रिल, रात्री ९:५०

धागा कुठल्या कुठं गेला. सगळे प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवले. लामणदिवांची गोष्ट ऐकून तिला आठवलं की आज्जीही सुई मोजून ठेवायची, कारण तिनं कधी सांगितलं नाही.

प्रगती: मांजरपाटाची धान्याची पिशवी मिळाली, त्याची वळकटी केली. फुली घातली. मान उभी! फक्त मांजरपाट जाड आहे, चेहरा ओबडधोबड आलाय, लेक म्हणते 'ही आजोबा आहे'. तेव्हा ही नवरदेव. नवरीसाठी मऊ धोतर पाहिजेच. दुकानात नवं बघितलं तर खळ घातलेलं, कडक.

सरकी · १७ एप्रिल, सकाळी ६:२०

नवं नको. खळ निघून धुऊन धुऊन विरलेलंच पाहिजे. नवरदेवाला फेट्याखाली सुतळीची गुंडाळी दे, डोकं मोठं दिसेल. आणि अक्षता तांदळाच्या करू नकोस, ज्वारीच्या कर, कुंकवात रंगवून. आपल्याकडच्या लग्नाला तांदूळ कोण उधळतं? मुंडावळ्या ज्वारीच्या दाण्यांच्या ओवता येतात, आदल्या रात्री दाणे भिजत घाल.

बालाघाटी · १७ एप्रिल, सकाळी ९:४०

ताई, धोतराचं झालं म्हणून समजा. आमचे अण्णा अजून धोतरच नेसतेत. दोन विरलेली काढून ठेवलीत, आक्कांच्या पेटीतलं इरकली लुगड्याचं काठाचं एक धडपं बी घातलंय. आज रात्रीच्या लातूर-पुणे ट्रॅव्हल्समधी ड्रायव्हरजवळ पिशवी देतो, सकाळी उतरून घ्या. वर ज्वारीचं धाट बी बांधलंय, पोरींना दुसऱ्या तऱ्हेची करायची असंल तर. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अण्णांनी विचारलं, धोतरं कुणाला चाललीत. सांगितलं. म्हणले, आमच्या धोतराची नवरी म्हणजे आम्ही मुलीकडचे. नवरदेवाचं गोत, शेती आन पाण्याची सोय काय ते अगोदर कळवा.